बाबलकाकाच्या पाठीवरचा पाय

"अरे मार ना लाथ! कितको येळ तंगडी वर धरून रवतलंस? बगळो आसंस काय तू?"

बाबलकाका भिंतीकडे तोंड करून ओरडत होता. दोन्ही हात भिंतीला टेकलेले, सदरा मानेपर्यंत वर गुंडाळलेला, उघडी पाठ माझ्याकडे. अर्धी चाळ दारात उभी, उरलेली अर्धी खिडकीत. आणि त्याच्या मागे मी. शिकलेला, एम.बी.बी.एस. झालेला, हाडांच्या वॉर्डात नोकरीला असलेला डॉक्टर... एका पायावर. दुसरा पाय हवेत. उत्तरही देता येईना, कारण आमच्याकडे नियम असा की लाथ मारणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही आणि खाणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही.

"मेल्या दिगू, झोपलंस काय रे?" काका पुन्हा माझ्या नावाने ओरडला.

थांबा. त्या लाथेकडे येतोच. त्याआधी एक सांगून मोकळा होतो. भूत, करणी, भानामती, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. मी हाडांचा माणूस. ज्याचं अर्धं आयुष्य हाडं बघण्यात गेलं, त्याला सांगाडा दाखवून कोण घाबरवणार? शिकत असताना हॉस्टेलवर मी कवटी उशाला घेऊन झोपलोय. कवटीची उशी वाईट, मान आखडते... भुतांबद्दल माझी तक्रार असेल तर तेवढीच.

पण माझ्यात एक खोट जन्मापासूनची. मी पायाळू. जगात येताना डोकं आधी घालायची रीत असते, मी पाय आधी घातले. आणि पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, ही आमच्या मालवणी लोकांची पक्की खात्री. त्यामुळे असल्फ्याच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत मला लहानपणापासून भारी मान. माझ्या पायाची कीर्ती खाली घाटकोपर स्टेशनापर्यंत पोचली होती. रविवारी सकाळी दारात रांग लागायची. बायको म्हणते तुम्ही फेकता. बरं, रांग नको म्हणूया. पण दोन माणसं एकामागे एक उभी राहिली तर त्याला दुसरं काय म्हणतात? विक्रोळीच्या एका बाईने नवऱ्याला रिक्षात घालून आणलेलं मला आठवतंय. लाथ मी मारायच्या आत तिनेच दोन शब्दांत त्याला सरळ केला होता, ते सोडा. एका गृहस्थाने तर माझ्या जुन्या चपलांची जोडी मागून नेली... मी गावी गेलेलो असलो तर तेवढ्यावर भागवू म्हणून.

हॉस्पिटलात पाठ हाताने तपासायची, घरी आलो की पायाने. दोन्हीकडे पेशंट बरे होत होते. कारण उसण ही तीन दिवसांत आपली आपणच जाते, हे मला पुस्तकाने शिकवलं होतं आणि चाळीला मी कधी कळू दिलं नव्हतं.

तर सत्त्याऐंशी सालचा मे. रविवार, सकाळचे नऊ-साडेनऊ. पत्र्याखाली भट्टी लागलेली.

बाबलकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आमच्या शेजारच्या खोलीत तो आणि काकू. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संप झाला, गिरणीचा भोंगा गेला तो गेलाच. मग बरेच दिवस नुसता दारात बसून असायचा. शेवटी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागला, लेथवर चढवायच्या लोखंडी सळ्या उचलायला. चाळिशी उलटलेला माणूस, पण अंगाने असा की लहानपणी आम्ही पोरं त्याच्या एका दंडाला चारजण लटकायचो. (दोनजण. पण मी जाडा होतो.)

त्या मेमध्ये मात्र त्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. दोन महिने दोन खांद्यांच्या मधोमध दुखत होतं. संध्याकाळी अंग तापायचं. काकू मिठाची पुरचुंडी गरम करून शेक द्यायची. काका म्हणायचा, सळई उचलताना उसण भरली. मीही आधी तेच धरून चाललो होतो. पण आदल्या दिवशी मी त्याला डोंगराची वाट चढताना पाहिलं. त्याची एक चप्पल पायातून सुटून मागे राहिली, आणि हा चार घरं तसाच पुढे गेला. अनवाणी. तापलेल्या दगडावर. त्याला कळलंच नाही.

उसण भरलेल्या माणसाला चप्पल सुटलेली कळते.

म्हणून रविवारी सकाळी मी एक लबाडी केली. गप्पा मारता मारता त्याची काडेपेटी जमिनीवर पाडली आणि म्हटलं, "काका, तेवढी दे रे." पाठ निरोगी असलेला माणूस वाकतो आणि उचलतो. काका वाकला नाही. एक हात मांडीवर टेकवून, पाठ ताठ ठेवून, घागर डोक्यावर असल्यासारखा तो सरळ खाली बसला, काडेपेटी घेतली आणि तसाच मांडीवर जोर देत वर आला. पाठीतलं हाड किडलं की माणूस असा बसतो. वॉर्डात लहान मुलांची आम्ही हीच परीक्षा घ्यायचो... खेळणं टाकून.

"काका," मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात चल. एक एक्स-रे काढू."

"आणि?"

"आणि काय? बघू."

"बघू नाय. तुमी माका झोपवून ठेवतलास. उद्या सळ्ये उचलूक गेलंय नाय तर शेठाकडे दुसरो माणूस तयार आसा. परत दारात बसू काय मी? तू लाथ मार. जमणा नसात तर सांग, मी चललंय शिरप्याकडे."

शिरप्या म्हणजे साकीनाक्याचा मटणवाला. तोही पायाळू. अंगाने रेडा. त्याच्या लाथेने बरा झालेला माणूस मी पाहिला नव्हता. पण तक्रार करायला परत गेलेलाही कोणी नव्हता.

आता थोडं शरीरशास्त्र सांगतो. घाबरू नका, तोंडी परीक्षा घेत नाही. मान खाली घाला आणि मानेच्या बुडाशी हात लावा. एक टेंगूळ लागेल. तिथून खाली छातीचे बारा मणके. मानेचा कणा वळतो, कमरेचा वाकतो. छातीचा कणा मात्र संसारी माणूस, दोन्हीकडून बरगड्यांनी धरलेला, हलायला जागा नाही. म्हणून तो सहसा दुखत नाही. आणि दुखला, तर ती सहसा उसण नसते.

शिवाय प्रत्येक मणक्याला मागे एक काटा असतो. छातीच्या मधल्या भागात हे काटे कौलांसारखे एकावर एक उतरते बसवलेले. त्यामुळे बोटाला लागतं ते वरच्या मणक्याचं टोक, आणि त्याच्या आत बसलेलं असतं खालच्या मणक्याचं धड. आमचे सर म्हणायचे, "दारावर पाटी एकाची, आत राहतो दुसराच." आतला मणका क्षयाने पोखरला की तो पुढून ढासळतो, आणि मागे एक काटा मुठीच्या पेरासारखा वर येतो. या सगळ्याच्या पोटातून मज्जारज्जू जातो. पायांना जाणारी सगळी वायरिंग. तिथे एक सणसणीत लाथ बसली, की माणूस कमरेखाली संपला. सोमवारची सळई सोडाच, मोरीपर्यंतही जायचा नाही.

म्हणजे मी लाथ मारली तर वाट लागणार. नाही मारली तर हा शिरप्याकडे जाणार आणि दुप्पट वाट लागणार. म्हणून मी एका पायावर बगळ्यासारखा उभा होतो... विचार करत.

मग सुचलं. पाय खाली टेकवला, दाराकडे गेलो आणि बघ्यांना हाताने हुसकावलं. कपाळावर बोट ठेवून, डोळे वटारून अशा काही खुणा केल्या की त्यांना वाटलं, नजर लागून लाथ फुकट जाते असा कायदाच आहे. दार लोटलं. खोलीत उरलो आम्ही तिघं. भिंतीला टेकलेला काका, स्टोव्हपाशी बसलेली काकू आणि मी.

बेत असा होता की पायाऐवजी मूठ लावायची. आधी नजर, मग बोट, मग मूठ, असं सरांनी घोकून घेतलं होतं. काकाला वळून बघायची बंदी, त्याला काय कळणार? मी हलक्या मुठीने एकेक काटा ठोकत जाणार, दुखरा नेमका सापडला की "निघाली उसण" म्हणून त्याला झोपवणार, आणि मग काहीतरी थाप मारून हॉस्पिटलात नेणार.

आधी नजर. बाजूने पाहिलं. खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या टोकांच्या रेषेत, मधोमध, एक पेर वर आलेलं. फार नाही. बायकोला दाखवलं असतं तर म्हणाली असती, काही नाही, तुम्हाला सगळीकडे कुबडं दिसतात.

मग मूठ. मानेच्या टेंगळापासून एकेक करत खाली आलो. टक. टक. टक.

"ह्यो हात तुझो," काका म्हणाला. "मी काय खुळो नाय. पाय खंय?"

आणखी एक. टक. आता मी त्या वर आलेल्या पेराच्या वरच्या काट्यावर होतो. पुढचं टोक तेच. तिथे मूठ लावायची माझी छाती होईना. खरं सांगतो, हात आपोआप मागे आला. मी दोन पावलं मागे सरकलो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. काकू समोर होती, तिने पाहिलं.

"हां," काका म्हणाला, "आता ठेवलंस पाय."

मी काकूकडे पाहिलं. काकूने माझ्या पायांकडे. दोन्ही जमिनीवर.

"पण ह्यो एवढोसो कित्या? तुझो पाय तर फावड्याएवढो." काकाच्या आवाजात हसू होतं. "ऊन ऊन लागता. टाच लागता, बोटां लागतत... बरां वाटता रे झिला."

नियम गेला खड्ड्यात. मी म्हटलं, "काका, मी तुला हात लावलेला नाही."

"गप. बोलू नको मधी." बाहेर कोणीतरी बादली ओढत होतं. आणि काकाचा आवाज बदलला. "जड झालो. काढ आता. दिगू, काढ पाय... मी सांगतंय काढ!"

आणि भिंतीवरचे त्याचे हात घसरले. गुडघे घडी घातल्यासारखे दुमडले. मी धावून त्याला काखेत धरला आणि पालथा चटईवर उतरवला. पाठ वर.

त्या पेरावर एक तांबडी खूण होती. माझ्या तर्जनीएवढी लांब. खाली गोल टाच, वर मधे पोकळी, आणि त्याच्याही वर तांदळाच्या दाण्यांसारखे पाच ठिपके. मी फेकतो, कबूल. पण ते पाच ठिपके मी दोनदा मोजले.

काकू उठली आणि तिने सदरा त्याच्या पाठीवर ओढला, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसा.

चाळीतल्या एकाचा टेम्पो होता. आम्ही काकाला दाराच्या फळीवर बांधून, लाकडासारखा न वाकवता, टेम्पोत घातला. वाटेत तो एकच गोष्ट विचारत होता, "पाय हालतत काय रे माझे?" मी म्हणत होतो, हालतात. हालत नव्हते.

सर रविवारीही वॉर्डात असायचे. त्यांनी काकाला तपासलं. छातीभोवती दोन्ही पंजे धरून श्वास घ्यायला लावला. किल्लीने पायाच्या तळव्यावर ओढलं, तर अंगठा वर उचलला गेला. उचलू नये तो. मग टाचणी घेऊन छातीवरून खाली येत गेले. "टोचतंय? टोचतंय?" बेंबीच्या वर चार बोटांवर काकाचं "हो" बंद झालं. पाठीवरही तशीच रेघ. रेघेच्या खाली टोचा, चिमटा घ्या, काही नाही. एक्स-रेत आठव्या मणक्याचं धड पुढून ढासळलेलं, शेजारच्याची कड खाल्लेली. क्षय. मधे पू, आणि पुवाने दाबलेला मज्जारज्जू.

"हे काय?" सरांनी त्या खुणेवर बोट ठेवलं.

"शेक दिलाय घरी," मी म्हटलं.

"हं. तुमच्या चाळीतल्या बायका पेशंटला भाजून आणतात." आणि ते पुढच्या कॉटकडे गेले.

बाहेर मी त्यांना विचारलं, कोणी पाठीवर उभं आहे असं पेशंटला वाटू शकतं का? त्यांनी माझ्याकडे, मी परीक्षेला दांडी मारल्यासारखं बघितलं. "मज्जारज्जू दाबला गेला की माणसाला काहीही वाटतं. कुणाला पट्टा आवळल्यासारखं, कुणाला मुंग्या. तुझ्या काकाला पाय वाटला. लाथेचीच वाट बघत होता ना?" बरोबर. अगदी बरोबर. मला हायसं वाटलं.

उपाय ठरला. रोज इंजेक्शन, मूठभर गोळ्या आणि झोपून राहणं. सर म्हणाले, "उठला, वळला, बसला, तर उरलेला मणकाही खाली येईल. मग मी काही करू शकणार नाही. त्याला झोपवून ठेव, एवढंच तुझं काम."

आणि बाबलकाका झोपून राहणारा माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात एकच, सोमवार. पहिल्याच आठवड्यात तो दोन्ही हातांनी कॉटच्या कडा धरून उठायला बघायचा. मी ओरडलो, काकू रडली, सिस्टरने धमकी दिली. काही उपयोग नाही. पण तो उठला नाही. शेजारच्या कॉटवर पाय मोडलेला कुर्ल्याचा टेलर होता, तो एके दिवशी मला म्हणाला, "डॉक्टर, तुमचे काका दिवसभर कुणाशी भांडतात हो? 'उतर म्हणतंय ना, उतर!' असं. मला वाटलं मलाच बोलतात. मी कुठे चढणार, माझीच तंगडी टांगलेली!"

काकाला विचारलं. तो आढ्याकडे बघत म्हणाला, "उठूक गेलंय की उभो रवता. मागसून नाय, आतसून. टाच रोवून. झोपलंय की उतरता."

"कोण?"

"माका काय म्हायत? ल्हान आसा. पण वजन बघ तेचा!"

मी हसलो. हसायलाच हवं होतं. पण घरी जाऊन जेवलो नाही.

मग मी एक परीक्षा केली. पाठ धुवायला त्याला लाकडी ओंडक्यासारखा चौघांनी मिळून पालथं केलं जायचं. अशा एका वेळी, त्याचं तोंड उशीत असताना, मी टाचणी घेऊन त्या रेघेच्या खाली टोचलं. जोरात टोचलं. काही नाही. थंड चमचा लावला. काही नाही. बोटाने दाबलं. नाही. तिथे काकाच्या पाठीला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं, हे मी वैद्यकीय परिषदेसमोर सांगायला तयार आहे.

"काका, आता तो आहे का रे?"

"आसा."

"टाच कुठे आहे त्याची?"

काकाने हात मागे वळवला आणि बोट ठेवलं. जिथे मी टाचणी टोचली होती, तिथे. रक्ताचा बारीक थेंब त्याच्या बोटाला लागला.

"हयसर," तो म्हणाला.

टाचणी कळत नव्हती. टाच कळत होती. हे मी सरांना सांगितलं नाही. कोणाला सांगणार? नोकरी नवीन होती.

पावसाळा तसा गेला. काका वाळत गेला. दंडाची दोरी झाली. वर्कशॉपमधून आधी एकजण भेटायला आला, मग कोणी आलं नाही. काकू एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली. दुपारी तिथून थेट वॉर्डात यायची, हाताला पीठ तसंच. दोघं फारसं बोलायची नाहीत. ती त्याच्या निर्जीव तळव्यांना तेल लावायची आणि तो विचारायचा, "लावतंस काय?" कारण त्याला कळत नसे.

गणपती उठल्यानंतरच्या दिवसांत, एका दुपारी मी राउंड संपवून त्याच्या कॉटशी गेलो. काका भिंतीकडे मान करून पडला होता. मला वाटलं झोपलाय.

"गेलो रे तो," तो म्हणाला.

"कोण? कधी?"

"आताच. मोकळां झालां पाठीर."

"मग चांगलंच की!"

काकाने मान वळवली. डोळे भरलेले होते. पाय गेल्याचं कळलं त्या दिवशी हा माणूस रडला नव्हता. गिरणी गेली तेव्हाही नाही. "बरां नाय वाटणा," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. त्याच दिवशी हलला असं सांगितलं तर गोष्ट जास्त झकास होईल. पण तसं मला छातीठोकपणे आठवत नाही, म्हणून आठवडा म्हणतो. मग घोटा. मग गुडघा. पाठीवरची खूण मी, तो 'गेलो' म्हणाला त्याच दुपारी, मुद्दाम पाहिली. नव्हती. सर म्हणाले, "औषध लागू पडलं. झोपून राहिला म्हणून वाचला. असे पेशंट झोपून राहत नाहीत रे, तुझ्या काकाने कमाल केली." मी म्हटलं, "हो सर."

काका घरी आला तो काठी घेऊन. डावा पाय ओढत नळापर्यंत जायचा आणि परत यायचा, त्याचा संसार तेवढाच. सळ्या दुसरा कोणी उचलत होता. हा दिवसभर दारात बसायचा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो भिंतीला टेकून बसायचा नाही. मागे वीतभर जागा सोडून, पुढे सरकून बसायचा. पाठ दुखेल रे, टेक, असं मी हजारदा सांगितलं. "असांदे," म्हणायचा.

एवढ्या वर्षांत मी सगळी उत्तरं लावून पाहिली. मज्जारज्जू दाबला गेला, म्हणून भास झाला. मान्य. शेकाने भाजलं, म्हणून खूण. पण पुरचुंडीला बोटं कुठून आली? तरी चला, मान्य. लाथेची वाट बघत होता, म्हणून पाय वाटला. मग फावड्याएवढा का नाही वाटला? आणि बधिर कातडीवर टाच कुठे आहे, हे त्याने कसं सांगितलं? त्यानंतर मी हजारो पाठी ठोकल्या. पायाने एकही नाही, तो धंदा त्या रविवारी बंद केला. पण तशी पाठ पुन्हा मिळाली नाही, आणि उत्तरही मिळालं नाही.

एकच प्रसंग राहिला. काका घरी आल्यावर काही महिन्यांनी, एका दुपारी मी त्यांच्या खोलीत बसलो होतो. तो नळाकडे गेला होता. काकू सुपात तांदूळ निवडत होती. आम्हाला घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की काका-काकूंना मूलबाळ झालं नाही. गावाकडच्या त्यांच्या पहिल्या वर्षांबद्दल कोणी कधी बोलत नसे. मी आपला बडबड्या. काकूचं मन रमवावं म्हणून सांगत सुटलो, मज्जारज्जू कसा दाबला जातो, भास कसे होतात, माणसाचं डोकं काय काय खेळ करतं. शेवटी हसत म्हटलं, "आणि खूण तरी काय उठावी बघ, काकू! अगदी तान्ह्या पोराचा पाय."

काकूने सुपातला एक खडा वेचला आणि दाराबाहेर टाकला.

"आमचोव पायाळूच होतो," ती म्हणाली. "पाय आधी इले तेचे. रडलो नाय तो."